दोन दप्तरे

मराठी भाषेने ‘दप्तर’ हा शब्द फारसीकडून घेतला तो कचेरीच्या कामासाठी. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेल्या कागदांच्या राशी त्या अर्थाची साक्ष आजही देत आहेत. पुढे केव्हातरी एखाद्या कोवळ्या पोराच्या पाठीवरचे ओझे पाहून कोणा सहृदय कारकुनास आपल्या कचेरीची आठवण झाली असावी आणि त्याने पाटीपुस्तकांच्या पिशवीलाही तेच नाव बहाल केले असावे. व्युत्पत्तिशास्त्राची या तर्काला संमती नाही, पण माझी आहे. कसेही असो, तेव्हापासून प्रत्येक प्राथमिक शाळेत दोन दप्तरे नांदू लागली : एक मुलाच्या पाठीवरचे आणि दुसरे मुख्याध्यापकाच्या कपाटातले. पहिल्याविषयी समाजाला अपार कळवळा आहे. त्याच्या वजनावर परिसंवाद होतात, आणि धर्मादाय मंडळी ते नवे कोरे विकत घेऊन, मोटारीत घालून, खेडोपाडी वाटत हिंडतात. दुसऱ्या दप्तरासाठी कोणी हळहळल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पहिल्यात घातलेली प्रत्येक वस्तू दुसऱ्यात चार कागदांच्या रूपाने पुन्हा जन्म घेते, हे ज्ञान मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर, मोहोरलेल्या आंब्याखाली प्राप्त झाले.

मी तेथे कसा जाऊन पोहोचलो, त्याची हकीकत थोडक्यात सांगतो. एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत पस्तीस वर्षे टपाल नोंदवून मी सेवानिवृत्त झालो, तो आमच्या इमारतीतील एका परोपकारी मंडळाने, माझ्याजवळ नकार देण्यासारखे एकही सबळ कारण उरलेले नाही हे अचूक हेरून, मला ‘सल्लागार’ केले. मंडळाच्या अध्यक्षांचे मेहुणे एका कंपनीत वजनदार जागी होते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ अन्वये, ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांनी आपल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी असा दंडक आहे. पूर्वी पुण्यसंचयाची घाई वार्धक्यात होत असे. या कायद्यामुळे ती दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये होऊ लागली. मेहुण्यांच्या कंपनीपाशी त्या वर्षी थोडे पुण्य शिल्लक होते आणि ३१ मार्चच्या आत ते कोठेतरी खर्ची घालणे भाग होते. अशा रीतीने शैक्षणिक वर्ष संपावयास दोन महिने उरले असताना आम्ही विद्यार्थ्यांना नवी दप्तरे द्यावयास निघालो.

निघालो तो दिवस रविवारचा. दाते मंडळी नोकरदार असल्याने दानाला सवड रविवारीच. शाळेला सुट्टी रविवारीच. आणि या पेचातून मार्ग एकच, तो असा की मुलांनी सुट्टीच्या दिवशी शाळेत यावे. गुरुजींनी त्यांना तसे बजावले होते. मुंबई-आग्रा महामार्गावर दोन ठिकाणी अल्पोपाहार, आसनगावचा रेल्वेपूल दिसताच ‘आलोच की’ असा सामुदायिक उद्गार, माहुलीच्या किल्ल्याचे सुळके पाहून इतिहासावर थोडे अशुद्ध प्रवचन, आणि पुढे डोळखांबच्या अंगाला वळल्यावर डांबराने साथ सोडली तेव्हा ग्रामीण भारताविषयी मोठे चिंतन, असे करीत नऊला पोहोचावयाचे ते आम्ही साडेअकराला पोहोचलो. मुले आठपासून बसली होती.

शाळा दोन खोल्यांची, कौलारू, द्विशिक्षकी. आवारात पाऊल टाकताच आमच्या चिटणीसांनी पहिली चौकशी केली ती फलक लावण्यास खिळा कोठे आहे याची. खिळा नव्हता. आमचा फलक शाळेच्या फळ्याच्या चौपट होता आणि त्यावर आमच्या अध्यक्षांचे मुखकमल हातभर व मुलांचा उल्लेख बोटभर होता. अखेर तो आंब्याला दोरीने बांधला, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेसरशी अध्यक्ष मान डोलावून स्वतःच्या भाषणास अनुमोदन देऊ लागले.

आम्ही चोपन्न दप्तरे आणली होती, कारण पट चोपन्नचा होता. समोर मुले मोजून तेवीस. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घालून उरलेली मुले कोठे आहेत असे विचारले, तेव्हा गुरुजी नुसते म्हणाले, “वीटभट्टीवर, साहेब.” दिवाळी झाली की कातकरी व ठाकर कुटुंबांतील कितीतरी माणसे मुकादमाकडून उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडील भट्ट्यांवर जातात, ती मिरगाचा पाऊस तोंडावर आल्याशिवाय परतत नाहीत, आणि घरच्या कोंबड्यांसकट जेथे सारा संसार हलतो तेथे तिसरीतले पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे? त्या हिशेबाने शाळेचे वर्ष जूनला सुरू होऊन दिवाळीला अर्धे मावळते, आणि दानाचे वर्ष नेमके त्यानंतर उगवते. लाभ आणि लाभार्थी यांची गाठ पडू नये अशी व्यवस्था कोणी मुद्दाम करावयाची म्हटली असती तरी इतकी बिनचूक साधली नसती. छायाचित्र विरळ दिसेल म्हणून अंगणवाडीतील अकरा बालके तातडीने मागविण्यात आली. त्यांतील दोन दप्तराच्या मागे पूर्णपणे अदृश्य झाली.

जाता जाता सांगण्यासारखे आहे की, मुले येत नाहीत तर शाळेने मुलांकडे जावे ही गोष्ट याच जुन्या ठाणे जिल्ह्यात फार पूर्वी लोकांना सुचलेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस काम आरंभले, १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि गुरे राखणारी पोरे शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच त्यांनी कुरणशाळा काढून शाळाच गुरांमागे नेली. पुढे वसईकडील विधायक संसदेने वीटभट्टीवरच, भट्टी-मजुरांच्या झोपड्यांशेजारी, भोंगाशाळा चालविल्या. या शाळांना फलक बांधण्यास भिंत नव्हती. आमच्या मंडळास ही उदाहरणे मी परतीच्या वाटेवर ऐकविली. ‘फार उद्बोधक’ असा शेरा मारून अध्यक्ष झोपी गेले.

असो. समारंभ यथासांग पार पडला. दाते सावलीत, मुले उन्हात, नारळ टेबलावर. भाषणे चार झाली, त्यांतील तिसरे माझे. एकेक मूल पुढे येई, दप्तर स्वीकारी, कॅमेऱ्याकडे पाही, क्षणभर श्वास रोखी आणि ‘पुढचा’ म्हणताच निघून जाई. ही शिस्त पाहून मला कौतुक वाटले. माझ्या हस्ते एका चौथीतल्या मुलीस दप्तर द्यावयाचे होते. मी ते पुढे केले तोच ती हलक्या आवाजात, एखाद्या जाणत्या कारागिराने उमेदवारास सांगावे तशी, म्हणाली, “काका, उलटा धरलाव. नाव दिसाला पायजे ना!” मी ते फिरवून धरले. त्या शाळेत त्या वर्षी झालेला तो पाचवा वाटप-समारंभ होता, आणि अनुभवाच्या बाबतीत ती माझ्याहून कितीतरी वरिष्ठ होती.

जेवणास अवकाश होता म्हणून गुरुजींनी मला दुसरी खोली दाखविली, आणि तेथे माझे पाय अडखळले. दोन खोल्यांच्या शाळेत चारही वर्ग एकाच खोलीत का बसतात, या माझ्या मनातील प्रश्नाचे उत्तर छपरापर्यंत रचलेले होते. तीन संगणक होते. त्यांपैकी एकास पडदा नव्हता, दुसऱ्यास कळफलक नव्हता, तिसरा सर्वांगपरिपूर्ण होता पण त्याला वीज नव्हती, कारण बिल थकून मीटर गेले होते. सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, तुटपुंज्या रकमेतून खडू आणावेत, बिल भरावे की कौले चाळून घ्यावीत, हा दर महिन्याचा तिढा. एक शिवणयंत्र होते. इंग्रजी कादंबऱ्यांनी भरलेले एक खोके होते. ते कोणाच्या घराच्या रंगकामाच्या वेळी रिकामे झालेल्या कपाटातून आले असावे, कारण त्यात एका लग्नाची आहेराची यादीही निघाली. आणि भिंतीवर नऊ घड्याळे होती. दात्यांना घड्याळाचे एवढे वेड का असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे; बहुधा तबकडीवर आपले नाव छापले असता ते मुलांच्या नजरेखालून दिवसातून शंभरदा जाईल, असा त्यात व्यवहार असावा. परंतु घड्याळ दान म्हणून येते, त्यात घालावयाचा सेल दान म्हणून येत नाही. त्यामुळे त्या भिंतीवर नऊ निरनिराळ्या वेळा कायमच्या गोठल्या होत्या. गुरुजी घड्याळ शिकविताना त्यांचा उत्तम उपयोग करीत. “सव्वासहा कोण दाखवील?” म्हटले की मुले पळत जाऊन तिसऱ्या घड्याळाखाली उभी राहत.

“हे सगळे काढून का टाकीत नाही?” असे मी विचारताच गुरुजींनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले, ती करुणा मी स्वतः पस्तीस वर्षे इतरांकडे पाहण्यासाठी वापरलेली होती. ते उठले, कपाट उघडले आणि दुसरे दप्तर माझ्यासमोर ठेवले. जडवस्तू संग्रह नोंदवही! तीत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, प्राप्तीचा दिनांक, दात्याचे नाव, अंदाजे किंमत व शेरा. एकदा नोंदले गेलेले घड्याळ बंद पडो, फुटो, उंदरांनी पोखरो, ते दप्तरी चालूच असते. त्याची दरसाल पडताळणी व्हावयाची, लेखापरीक्षणात ते हजर करावयाचे, आणि ते नाहीसे करावयाचे असल्यास ‘निर्लेखन’ नामक विधी करावयाचा. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, वस्तूंची तपशीलवार यादी, घसारा वजा जाता उरलेले मूल्य, केंद्रप्रमुखांची शिफारस, पंचायत समितीकडे प्रस्ताव, तेथून त्रुटीची पूर्तता करण्यासाठी परत, पुन्हा प्रस्ताव. माणसाचे मर्त्य शरीर त्याच दिवशी पंचत्वात विलीन होते; दान दिलेल्या खुर्चीला मात्र मोक्षासाठी किमान दोन अर्थसंकल्प थांबावे लागते. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असे आपल्याकडे म्हणतात, म्हणजे फुकट मिळालेल्या गाईचे दात पाहू नयेत. पण सरकारी शाळेला ते पाहावे लागतात, मोजावे लागतात, आणि एखादा पडलाच तर पंचनामा करावा लागतो.

त्या खोलीतील साऱ्या ऐवजाचा मुकुटमणी मात्र ओसरीवर होता. एका पूर्वसूरी दात्याने बसविलेले ते जलशुद्धियंत्र होते : पांढरेशुभ्र, निळ्या दिव्याचे, तीन तोट्यांचे. त्याच्या मागे नळ होता. नळाच्या मागे टाकी होती. टाकीच्या मागे काही नव्हते.

येथे थोडे भूगोलात शिरणे प्राप्त आहे. मुंबई शहर ज्या सात तलावांचे पाणी पिते, त्यांतील सर्वांत मोठा भातसा हा याच शहापूर तालुक्यात आहे. इंग्रजांनी १८९२ साली पुरे केलेले तानसाचे धरणही याच तालुक्यात आहे. आणि वैतरणेवरील मोडकसागर, ज्याला अभियंता मोडकांचे नाव दिले आहे, तोही याच मुलखाच्या कडेला. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते, आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. कारण धरणे खाली, पाडे वर, आणि नळाचे तोंड नैर्ऋत्येस, मुंबईकडे. आम्ही सकाळी ज्या पाण्याने दाढ्या करून या मुलांच्या उद्धारास निघालो, ते पाणी आदल्या दिवशी बहुधा त्यांच्याच शिवारातून निघाले होते. आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. माझ्याही नाही, हे प्रांजळपणे नमूद करतो. त्या यंत्राच्या उद्घाटनाची कथा खिचडी रांधणाऱ्या आजींनी सांगितली. फीत कापल्यावर पहिला पेला भरावयाचा तर तोटी कोरडी. तेव्हा मुंबईहून आणलेली बाटली मागच्या बाजूने ओतून ते पाणी पुढच्या बाजूने घेण्यात आले, आणि टाळ्या झाल्या. आजी पदराने डोळे पुसत, पण हसून, म्हणाल्या, “आमचा पानी गेला ममईला, न् त्याच्या बदली ह्यो डबा आला!” जलसंपत्तीच्या वाटपावर याहून नेमके निवेदन मी पस्तीस वर्षांच्या टपालात पाहिले नाही.

मुरबाडची आमची दुसरी मोहीम पुढच्या पौषातली. तिचे वर्णन लांबवीत नाही. मुरबाडला रेल्वे नाही, आणि आम्ही नेमके म्हशाच्या यात्रेच्या दिवसांत निघाल्याने गुरांच्या बाजाराकडे चाललेल्या बैलांच्या मागे आमची मोटार दीड तास चालली. त्या दीड तासात मी पाहिले की बैल घेणारा शेतकरी त्याला चालवून पाहतो, खांदा चाचपतो, दात बघतो, आणि ज्याच्या दारात तो जावयाचा त्या घरची अडचण काय, हेही त्याला ठाऊक असते. आमच्या मोटारीत पंचवीस घड्याळे होती.

आणि तरी त्याच दोन तालुक्यांत असेही काही घडले आहे की, ज्यापुढे माझ्यासारख्या कुत्सित माणसाने टोपी काढावी. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा हे नाव नकाशात शोधून सापडणार नाही इतके लहान. पण तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक संदीप गुंड यांनी लोकसहभागातून ती शाळा डिजिटल केली, मुलांच्या पाठीवरचे दप्तर उतरविले, आणि पुढे ती पाहावयास महाराष्ट्रभरचे शिक्षक तेथे येऊ लागले. तेथेही यंत्रेच होती हे खरे. फरक एवढाच की यंत्र आधी आणि त्याचा उपयोग मागाहून, असा उलटा क्रम तेथे नव्हता. वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या माणसाने आधी ठरविले आणि मग मागितले.

मुरबाड तालुक्यातील फांगणे येथील कथा तर दप्तराचीच आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी, मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने, ‘आजीबाईंची शाळा’ उघडली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई गुलाबी लुगड्यांचा गणवेश नेसून, दप्तरात पाटी-पेन्सिल घालून, दुपारची कामे उरकली की शाळेत जाऊ लागल्या. कित्येकींना तर नातवंडे हात धरून शाळेत पोहोचवीत. पोथी वाचता यावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, एवढेच त्यांचे मागणे. ट्रस्टने लुगडी दिली, पाट्या दिल्या, दप्तरे दिली. म्हणजे वस्तू आमच्याच यादीतल्या. पण त्या आजींनी आधी हट्ट धरला आणि दप्तर मागाहून आले. आयुष्यभर डोक्यावर मोळी आणि हंडा वाहिलेल्या बाईने ऐंशीव्या वर्षी हौसेने खांद्याला लावलेले दप्तर ज्याने दिले, त्या दात्याचा मला मनापासून हेवा वाटतो.

त्या पहिल्या रविवारी निघताना, कर्तव्यबुद्धीने, मी गुरुजींना विचारले होते की, तुम्हांला खरोखर काय हवे? ते बराच वेळ बोलले नाहीत. बहुधा हा प्रश्न नवीन असावा, किंवा उत्तर दिल्यास तेही नोंदवावे लागेल अशी भीती असावी. मग कपाटाकडे पाहत ते म्हणाले, “साहेब, तुम्ही कचेरीत होतात म्हणता. निर्लेखनाचा मसुदा लिहिता येईल तुम्हांला?”

माझ्या आयुष्यात मला कोणी सरस्वतीच्या मंदिरात इतक्या आर्जवाने बोलाविले नव्हते. तेव्हापासून महिन्यातून दोन मंगळवार मी कसारा लोकलने आसनगावला उतरतो, एस. टी. मिळाली तर एस. टी. ने आणि न मिळाली तर मिळेल त्या वाहनाने पाड्यावर जातो, आणि ओसरीवर, त्या कोरड्या शुद्धियंत्राला पाठ टेकून, दुसरे दप्तर लिहितो. पोषण आहाराचा तांदूळ, सादिलचा जमाखर्च, दाखले, हजेऱ्या, मागविलेली माहिती, तीच माहिती पुन्हा मागविल्याचे पत्र. आत गुरुजी शिकवीत असतात. माझ्या अक्षराचे तेवढे एक सार्थक झाले. निर्लेखनाचा प्रस्ताव दोनदा त्रुटीसह परत आला आणि तिसऱ्यांदा मंजूर झाला; सात घड्याळे, दोन संगणक व तुटक्या खुर्च्या रीतसर निकाली निघाल्या, आणि गेल्या जूनपासून तिसरी-चौथीचे वर्ग दुसऱ्या खोलीत बसतात. दोन घड्याळे गुरुजींनी राखून ठेवली. एकात मी सेल घातला. दुसरे सव्वासहा दाखविते.

शुद्धियंत्राचा प्रस्ताव मात्र अडला आहे, कारण ते कागदोपत्री सुस्थितीत आहे. आजवर एकदाही न चालल्याने ते बिघडले असे सिद्ध करता येत नाही.

वाचकांपैकी कोणी येत्या मोसमात तिकडे जाणार असतील, तर एवढेच कळवितो : भट्टीवरून परतलेल्या मुलांची भरपाई करून आणि नव्याने नाव घातलेल्यांना देऊनही शाळेत चौदा दप्तरे शिल्लक आहेत. कोणास हवी असल्यास न्यावीत. पोच मात्र दोन प्रतींत, सही-दिनांकासह द्यावी लागेल.